‘खासगी’ म्हणजे कोणाची? इंदूरच्या होळकरकालीन वास्तूंची पार्श्वभूमी

इंदुरात जुन्या वास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की दुरुस्तीच्या आधी ताब्याचा प्रश्न येतो. राजवाडा, गोपाळ मंदिर, कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्या, तिकडे महेश्वरचे घाट: प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे. देवळे आणि घाट यांच्यापुरता हा गुंता एका शब्दाभोवती आहे. तो शब्द म्हणजे ‘खासगी’.

होळकर दरबारात दोन हिशेब होते, ‘दौलत’ आणि ‘खासगी’. फौज, महसूल, कारभार हे सगळे दौलतीत. खासगी राणीच्या हातात. 1734 मध्ये पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर झाली आणि पुढे ती होळकरांच्या राण्यांकडे चालत राहिली. काशीपासून सोमनाथ, वेरूळ, गयेपर्यंत अहिल्याबाईंनी जे उभे केले, त्यामागे हा पैसा होता. नाव खासगी, पण त्यातून देवळे उभी राहिली, घाट बांधले गेले, वाटसरूंची सोय झाली. आजच्या मराठीत या शब्दाचा अर्थ नेमका उलट बाजूला सरकला आहे. हिंदीभाषक शेजाऱ्याला सांगताना आपणही ‘निजी’ म्हणून मोकळे होतो, आणि समोरच्याला वाटते की राजघराण्याची घरची मालमत्ता असेल. रामबाग, लोकमान्यनगर अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांतल्या जुन्या माणसांना हा फरक सांगावा लागत नसे. आता घरातल्या मुलांनाही तो समजावून द्यावा लागतो.

शब्दाचा हा घोळ कागदावर आला तो विलीनीकरणात. एप्रिल 1948 च्या करारनाम्याने इंदूर, ग्वाल्हेर आणि इतर संस्थाने मिळून मध्यभारत संघ झाला. त्यात राज्याची मालमत्ता वेगळी आणि संस्थानिकांची स्वतःची वेगळी, असे दोनच कप्पे होते. खासगी दोन्हींत बसत नव्हती. राणीच्या हातातली म्हणून ती राज्याची नव्हे, आणि धर्मादायाची म्हणून कोणा एकाचीही नव्हे. 1949 मध्ये तडजोड झाली: खासगीचे उत्पन्न कायमचे सरकारकडे गेले आणि त्याबदल्यात सरकारने धर्मादायासाठी दरवर्षी 2,91,952 रुपये द्यायचे ठरले. पुढे 27 जून 1962 रोजी या वास्तूंसाठी न्यास झाला. न्यासाकडे देशभरातल्या 246 मालमत्ता. करारातली रक्कम त्यांच्यात सारखी वाटली तर एका वास्तूच्या वाट्याला वर्षाला बाराशे रुपयेही येत नाहीत. एवढ्या पैशांत आज घाटाची एक पायरीही नीट बसवून होणार नाही. नंतरच्या वादांत माणसांच्या हेतूंवर पुष्कळ बोलले गेले, या आकड्यावर फारच कमी, आणि मला ते खटकते.

वाद पेटला तो न्यासाच्या मालमत्तांच्या विक्रीवरून. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहाराच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. ऑक्टोबर 2020 मध्ये खंडपीठाने या मालमत्ता राज्य सरकारच्या मानल्या आणि विक्रीच्या व्यवहारांचा तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे दिला. प्रशासनाने ताबा घ्यायला सुरुवात केली. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तपास रद्द केला, पण न्यासाला मोकळे सोडले नाही. हा सार्वजनिक न्यास आहे, 1951 च्या राज्य कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांकडे न्यासांच्या निबंधकाने पाहावे, असा तो निकाल होता. जुन्या ‘खासगी’च्या सर्वांत जवळ जाणारा अर्थ मला याच निकालात दिसतो: कारभार एका हाती असला तरी वास्तू लोकांसाठीच आहेत.

राजवाड्याची कथा त्या मानाने सरळ, आणि जास्त आगीची. शिंद्यांच्या फौजेने केलेल्या 1801 च्या लुटीत तो जळला, पुन्हा बांधला गेला. 1984 च्या दंगलीत मागचा भाग जळाला आणि 2006-07 च्या सुमारास जुन्या पद्धतीने परत उभा राहिला. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे असल्याने इथे आगीचा धाक कधी संपत नाही. अलीकडे राजवाड्याखालून जाणाऱ्या भुयारी मेट्रोच्या आराखड्याला व्यापारी आणि वारसाप्रेमी दोघांनीही विरोध केला. हादऱ्यांची भीती रास्त आहे. असल्या पायावर प्रयोग नकोत.

नागरिकांची धडपड या काळात बदलली. आधी निवेदने आणि मोर्चे होते. आता वारसाफेऱ्या आहेत, छायाचित्रांच्या नोंदी आहेत, माहिती अधिकाराचे अर्ज आहेत, आणि मोडी वाचू शकणाऱ्यांचा शोध आहे, कारण होळकरांच्या दफ्तराचा मोठा भाग मोडीत आहे. एखादा जुना मोडी कागद लागला की त्यावर काय लिहिले आहे हे कळायलाच महिने जातात.

जानेवारी 2025 मध्ये, होळकर राणी कृष्णाबाईंनी 1832 साली बांधलेल्या गोपाळ मंदिरात, नुकत्याच झालेल्या दुरुस्तीनंतर, पावती फाडून लग्नाचा समारंभ झाला. सजावट झाली, जेवणावळ झाली. शहरात संताप उसळला आणि चौकशी लागली. पावती कोणाच्या अधिकारात फाडली, हाच प्रश्न तिथेही सगळ्यांत आधी विचारला गेला.