डोळ्यातलं तेल

गच्चीवर वाळवण बघायला गेलेली आई खाली यायची ती पदर डोळ्याला लावूनच. वारा लागला की दोन्ही डोळ्यांतून पाणी. आम्हाला वाटलं, मोतीबिंदूची सुरुवात असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "काकू, तुमचे डोळे कोरडे पडलेत." आईने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की कुठल्या डॉक्टरकडे आणलंस मला! "अहो, पाणी थांबत नाही म्हणून तर आले ना मी?"

तिचा प्रश्न रास्त होता. आणि त्याचं उत्तर आपण रोज बोलतो त्या शब्दांत सापडतं. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव, असं आपण म्हणतो. हे तेल डोळ्यात खरोखरच असतं.

बुबुळावर अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. जाडी साधारण ३ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा विसावा भाग वगैरे. एवढ्याशा थरातही उतरंड आहे. तळाशी बुळबुळीत श्लेष्म, त्याच्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. मध्ये पाणी, त्यात क्षार आणि जंतूंना मारणारी प्रथिनं. सगळ्यात वर तेलाचा तवंग. लोणच्याच्या बरणीत फोडी बुडतील इतकं तेल वर असावं लागतं, तसाच हा प्रकार. तेल हटलं की खालचं पाणी उघडं पडतं आणि भराभर उडून जातं.

हे तेल येतं पापण्यांच्या कडेतून. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० उभ्या ग्रंथी असतात. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. आरशासमोर खालची पापणी जरा ओढून पाहिली तर केसांच्या मुळांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकासारखे बारीक ठिपके एका ओळीत दिसतात. ती या ग्रंथींची तोंडं. आपण काजळाची रेघ ओढतो ती नेमकी त्यांच्यावरून, आणि रात्री ती न पुसता झोपतो. पापणीत न दुखणारी गाठ होऊन आठवडेच्या आठवडे बसून राहते, ती बहुतेकदा अशीच एखादी तुंबलेली ग्रंथी असते. रांजणवाडीची एक जातही इथेच उगवते.

निरोगी ग्रंथीतलं तेल पातळ, नितळ असतं. पापणी मिटली की थोडंसं बाहेर येतं आणि उघडताना डोळाभर पसरतं. ग्रंथी बिघडली की तेच घट्ट होतं. डॉक्टरांनी आईची पापणी कापसाच्या काडीने दाबली तेव्हा ट्यूबमधून टूथपेस्ट यावी तसं पांढरट काहीतरी बाहेर आलं. डोळे कोरडे पडण्यामागे पाणी कमी तयार होण्यापेक्षा असलेलं पाणी उडून जाण्याचं कारण जास्त वेळा सापडतं.

मग आईच्या डोळ्यांतून वाहत होतं ते काय? तवंग फाटला की उरलेलं पाणी खारट होत जातं. बुबुळावरच्या मज्जातंतूंना ते झोंबतं, मेंदूकडे तक्रार जाते आणि मोठी अश्रुग्रंथी कांदा चिरल्यासारखी एकदम धो धो वाहू लागते. हे पाणी घाईचं असतं. डोळ्यात टिकत नाही, गालावर ओघळतं, आणि पाच मिनिटांत डोळा पुन्हा चुरचुरायला लागतो.

तरुणांची गोष्ट थोडी वेगळी. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हाच आकडा ५ ते ७ वर येतो, आणि त्यातल्या बऱ्याच अर्ध्यामुर्ध्या मिटतात. वरून एसी, किंवा हेल्मेटची काच वर करून दुचाकी. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी यात फरक पडतो याला भक्कम पुरावा नाही. अधूनमधून डोळे नीट, पूर्ण मिटणं फुकटात होतं, तेवढ्यासाठी मात्र कुणी जाहिरात करत नाही.

तपासणी साधी आहे. १९०३ मध्ये ओटो शिर्मर यांनी सुचवलेली टीपकागदाची पट्टी आजही वापरतात. ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत किती भिजते ते मोजायचं. ५ मिलिमीटरही भिजली नाही तर पाण्याचाच तुटवडा. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात रंग सोडून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकाऊ नाही.

रजोनिवृत्ती, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया, ही सगळी कारणं डॉक्टरांना आपणहून सांगायची. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे धरत असतील, तर ते आवर्जून सांगा. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेला आजार असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते.

औषधांत पहिले येतात कृत्रिम अश्रू. एकच थेंब पुरे. बाटलीतून पडणारा थेंब डोळ्यात मावतं त्याहून मोठा असतो, दुसरा टाकला तर तो गालाचाच. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण बऱ्याच थेंबांतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड स्वतःच बुबुळाला त्रास देतं. दाह असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिन देतात, त्याचा गुण यायला महिने लागतात. पाणी कमी असेल तर अश्रू नाकात वाहून नेणाऱ्या छिद्रांना बारीक बुचं बसवतात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

एका बाबतीत मात्र मी भांडायला तयार आहे. मेडिकलवाल्याकडून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून घेतलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस तीच बाटली महिनोन्‌महिने चालवतो, आणि आत डोळ्याचा दाब गुपचूप वाढत राहतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. गुलाबपाणी आणि मधही स्वयंपाकघरातच राहू द्या, ते निर्जंतुक नसतात.

आईला डॉक्टरांनी सांगितला तो शेक. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल आधी मनगटावर टेकवून बघायचा, मग मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं, गार होईल तसा बदलत. घट्ट झालेलं तेल पातळ होतं. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलकेच निपटायची, आणि कड पुसून घ्यायची. सकाळ-संध्याकाळ, रोज.

"हे तर मी तुझ्या डोळ्यांना करायचे," आई म्हणाली. लहानपणी डोळ्यात काही गेलं की ती पदराचा बोळा करायची, तोंडाशी धरून फुंकून गरम करायची आणि माझ्या डोळ्यावर दाबायची. आता रुमाल पिळून द्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि तो पुरेसा गरम नसतो अशी तिची रोजची तक्रार.