एम१ गॅरंड आणि ‘जास्त दाबाच्या’ काडतुसांचा गैरसमज

अमेरिकी लष्कराने एम१ गॅरंड रायफल स्वीकारली १९३६ साली. इतक्या जुन्या बंदुकीला आजच्या .३०-०६ काडतुसांचा दाब झेपणार नाही, ब्रीच (नळीचा मागचा, काडतूस बसतं तो भाग) फुटेल, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. सुस्थितीतल्या गॅरंडचं ब्रीच चांगलंच दणकट असतं. जपायचा असतो तो ऑपरेटिंग रॉड, म्हणजे मागे-पुढे सरकून पुढची गोळी भरणारा दांडा.

नळीच्या तोंडाजवळ खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडते, तसा मागचा वायू त्यातून खालच्या नळकांड्यात (गॅस सिलिंडरमध्ये) शिरून रॉडला मागे ढकलतो. दारू सावकाश जळणारी आणि गोळी जड असेल, तर इथवर येईतो दाब पुरेसा उतरलेलाच नसतो. रॉड जादा जोराने मागे आपटतो, वाकूही शकतो. चेंबरमधला (काडतूस बसतं त्या जागेतला) कमाल दाब अगदी मर्यादेत असला तरीही!

लष्कराच्या एम२ बॉल काडतुसात सुमारे १५० ग्रेनची गोळी असे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक). खास गॅरंडसाठी बनवलेली काडतुसं आजही मिळतात, तीच घ्यावीत. १८० ग्रेन किंवा त्याहून जड गोळीची शिकारीची काडतुसं टाळाच. जादा वायू बाहेर सोडणारा गॅस प्लग (गॅस सिलिंडरचं पुढचं बूच) बसवता येतो, पण तो नीट जुळवावा लागतो. आणि जुन्या लष्करी साठ्यातल्या काही काडतुसांचं प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) गंज आणणारं असतं. ती वापरलीत तर त्याच दिवशी नळी आणि गॅस सिलिंडर साफ करा.