आधी गोष्ट की आधी माणूस? सीमाभागातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्यात हिवाळा सुरू झाला की गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम लागतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं भाषण, आणि जेवणं उरकली की कथाकथन. कथाकार व्यासपीठावरून खाली उतरला की नव्याने लिहू लागलेली पोरं त्याला गाठतात. विचारायचं तेही ठरलेलं: सर, तुम्हाला आधी गोष्ट सुचते की आधी माणूस? उत्तर बहुधा ‘दोन्ही बरोबरच’ असं येतं, सगळे माना डोलावतात आणि चहाकडे वळतात.

हा प्रश्न लेखनाच्या तंत्राचा आहे असं धरून त्याचं उत्तर दिलं जातं, म्हणून ते असं गुळमुळीत येतं. कथानक आधी की पात्र आधी, यामागे खरा सवाल वेगळाच असतो. माणसाचं आयुष्य कोण चालवतं, तो स्वतः की त्याच्यावर येऊन आदळणाऱ्या घटना? याबद्दल लेखकाची जी समजूत असेल तिकडे त्याची लेखणी वळते. बेळगाव जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या मराठी कथा-कादंबऱ्या ओळीने वाचल्या तर हे चांगलंच दिसतं, कारण या वादाच्या दोन्ही टोकांना याच जिल्ह्यातले लेखक उभे आहेत.

वाद मुळात नाटकाचा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचा विचार करताना कथानकाला तिचा आत्मा म्हटलं आणि पात्राला दुसरं स्थान दिलं. भरताच्या नाट्यशास्त्रात इतिवृत्त, म्हणजे कथानक, हे नाट्याचं शरीर आहे. दोघांची मतं वरवर सारखी वाटतात, पण भरताची पुढची मांडणी जास्त बारकाईची आहे. बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृती, म्हणजे गोष्ट फळापर्यंत नेणारे घटक, कथानकाच्या बाजूने येतात. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्था मात्र फळाची इच्छा धरून कामाला लागलेल्या माणसाच्या आहेत. दहाव्या शतकातल्या धनंजयाने दशरूपकात या दोन्हींच्या जोडणीतून नाटकाचे संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, लावले, आणि रूपकांचे प्रकार ओळखायला वस्तू, नेता आणि रस हे तीन निकष दिले. म्हणजे घटना एका रांगेत, इच्छा दुसऱ्या रांगेत, आणि जिथे त्या एकमेकींना अडकतात तिथे नाटक. कथालेखनाच्या कार्यशाळांतून हे कुणी शिकवत नाही याचं मला नवल वाटतं. तिथे फळ्यावर अजून इंग्रजी पुस्तकांतला चढता-उतरता त्रिकोणच काढतात.

जुन्या काळी कथानक आधी असायचं, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असायचं. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची गाणी ऐकणाऱ्या माणसाला जमदग्नीचा कोप, परशुरामाचा परशू आणि रेणुकेचं मस्तक हे सगळं लहानपणापासून पाठ असतं. पुढे काय होणार म्हणून कुणी ऐकत नाही. आईवर हत्यार उचलणाऱ्या पोराचं काय झालं असेल, तिला काय वाटलं असेल, तिथे ऐकणाऱ्याचा जीव अडकतो. सण्णाट या कन्नड लोकनाट्यातल्या ‘संग्या-बाळ्या’चंही तसंच. बैलहोंगलकडे घडलेल्या खऱ्या घटनेवर तो बेतला आहे असं मानतात. दोन मित्र, एकाचं परस्त्रीवर जडलेलं मन, दुसऱ्याची दगाबाजी आणि शेवटी खून. शेवट माहीत असूनही लोक रात्र जागवतात. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यांनीही गोष्ट नवी शोधली नव्हती.

छापील कादंबरी आली आणि लेखकाला गोष्ट स्वतः रचायची वेळ आली. इथे बेळगावचा मान मोठा आहे. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७), आणि तिचे लेखक बाबा पदमनजी बेळगावचे. इथल्या मिशनच्या शाळेत ते शिकले, पुढे ख्रिस्ती झाले. पण या पहिल्याच कादंबरीने आपल्या प्रश्नाचं उत्तर ना गोष्ट दिलं, ना माणूस. तिची सुरुवात हेतूपासून झाली. विधवांची दैना लोकांपुढे मांडायची होती, म्हणून यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि गावोगावच्या विधवांच्या हकिगती त्यांच्या कानावर येतात. प्रवास हा त्या हकिगती ओवायचा धागा. यमुनेचा स्वभाव म्हणावा तर ती दयाळू आहे आणि ऐकून घेते, बस्स. मला ही रचना इंग्रजी कादंबरीपेक्षा कीर्तनाला जवळची वाटते: पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, उत्तररंगात त्याला आख्यान जोडायचं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या कादंबरीत बुवांचा घाट दिसावा, ही गंमतच.

पुढचा टप्पाही खानापूर तालुक्याच्या वाटेने जातो. जांबोटीला जन्मलेले रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक चालवलं आणि ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिली. शिवकाळ, किल्ला, कट, सुटका. इथे मात्र कथानक निर्विवाद पुढे आहे. हप्त्याहप्त्याने छापायचं म्हटलं की ‘पुढे काय’ ही वाचकाची ओढ जपावीच लागते. हरिभाऊ आपट्यांनीही साप्ताहिकातूनच लिहिलं, पण ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये त्यांनी सगळी सूत्रं नायिका यमूच्या तोंडी दिली आणि मराठी वाचकाला प्रथमच एका बाईच्या मनाच्या आतून घर दिसलं. घटना तशा कुणाच्याही घरातल्या होत्या.

तिकडे युरोप-अमेरिकेतही हेच भांडण चाललं होतं. एडगर ॲलन पो याने १८४६ मध्ये सांगितलं की शेवट आधी ठरवा आणि मग मागे येत लिहा. हेन्री जेम्सने १८८४ मध्ये उलटा सवाल केला की पात्राशिवाय घटना म्हणजे काय, आणि घटनेशिवाय पात्र तरी कसं दिसणार? रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हला आधी माणूसच दिसायचा आणि मग तो त्याच्यासाठी प्रसंग शोधत बसायचा, ही आठवण जेम्सनेच नोंदवून ठेवली आहे. ई. एम. फॉर्स्टरचं १९२७ सालचं राजा-राणीचं उदाहरण आपल्याकडे बी.ए.च्या वर्गात पोचलं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. उदाहरण घासून गुळगुळीत झालंय, तरी त्यातली मेख सहसा कुणी दाखवत नाही. त्या ‘दुःखाने’ मध्ये राणीचा स्वभाव आला. दुसरी एखादी राणी राज्य करत बसली असती.

हे सगळं इकडे पोचलं ते बहुतांशी कोल्हापूरमार्गे. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत होते आणि ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये त्यांनी कथा-कादंबरीचं तंत्र रीतसर मांडलं. पेच कसा टाकावा, उत्कंठा कशी ताणावी, उकल कुठे करावी. फडक्यांना नावं ठेवणं नंतर सोपं झालं. पण लिहिणं ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे, हा धीर त्यांनीच गावातल्या पोराला दिला. नुकसान झालं ते पात्रांचं. कथानकाच्या सोयीने चालणारे देखणे नायक आणि शिकलेल्या नायिका, एकाला झाकावं दुसऱ्याला काढावं अशा.

१९४५ नंतरच्या नवकथेने हे मोडलं. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये गोष्टीचा बराचसा भार माणसांवरच आहे, आणि दुष्काळी मुलखातली ती माणसं वाचताना आपल्याही गावात अशी पन्नास आहेत, हे अथणी-चिकोडीकडच्या वाचकाला लगेच कळतं. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि कथानकावाचूनही कादंबरी उभी राहते यावर शिक्कामोर्तब झालं.

माणूस आधी या बाजूचा बेळगावी पुरावा मागाल तर रावसाहेब. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्या दिवसांतून ‘गणगोत’मधले रावसाहेब आले. त्या लेखात घडतं काय, असं विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. पण कानडी हेल लावलेली, शिव्यांनी भरलेली आणि मायेने ओथंबलेली ती मराठी कानावर पडली की माणूस समोर येऊन बसतो. सीमाभागात माणूस ओळखायचा तो बोलण्यावरून. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, ‘की’ कुठे लागला, यावरून घर, पेठ, शाळा सगळं समजतं. म्हणून इथल्या लेखकाला माणूस आधी सुचला तर तो बहुधा डोळ्यांआधी कानाने सुचतो.

आता दुसरं टोक. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ साली एकसंब्याचा, शिक्षण बेळगावात आणि नोकरी धारवाडला. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या सुरुवातीच्या संग्रहांत इथलीच घरं आहेत: अंधारी माजघरं, कारकुनीत झिजलेले बाप, न बोलता सोसणाऱ्या बाया. माणसं इतकी ठसठशीत की जी.एं.ना पात्रांचा लेखक म्हणावंसं वाटतं. पण त्यांच्या कथेत माणसाने काहीही ठरवलं तरी फरक पडत नाही. जे व्हायचं ते वाट बघत उभंच असतं. ‘काजळमाया’, ‘रमलखुणा’, ‘पिंगळावेळ’ या पुढच्या संग्रहांत तर गावाचं नावही अनेकदा गळून पडतं आणि मागे प्रवासी, विदूषक, यात्रिक उरतात. ‘स्वामी’ या कथेतला वाटसरू निवाऱ्याला म्हणून जातो आणि पूज्य स्वामी म्हणून कायमचा कोंडला जातो. त्याच्या जागी कुणीही असता तरी दार तसंच बंद झालं असतं. इथे कथानक हे लेखकाचं तंत्र उरत नाही, ते नियतीचंच दुसरं रूप होतं. फडक्यांचं कथानक वाचकाची सोय बघायचं, जी.एं.चं कुणाचीच बघत नाही. कथानक आधी म्हणणाऱ्याला उथळ समजणाऱ्यांनी जी.ए. पुन्हा वाचावेत.

आणि त्याच बेळगावच्या आठवणीतून लंपन आला. कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. ‘वनवास’ १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आलं, पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. चारही पुस्तकांत एकच मुलगा, लंपन. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा, मनातल्या मनात अचाट आकडे मोजणारा. शाळा, तळं, सुमी, बँडवाले, कानडी-मराठी मिसळलेला शेजार. घटना किरकोळ. लंपनला काढून तीच गोष्ट दुसऱ्या मुलाला देऊन बघा, काही हाती लागत नाही. इथे नियती नाही असं नाही, मुलाला घरापासून तोडलेलंच आहे. पण लेखकाची नजर तोडणाऱ्यावर नाही, त्या तुटलेपणात मुलगा काय काय बघतो यावर आहे. जी.एं.च्या जगात जन्मला असता तर हाच मुलगा पहिल्याच गोष्टीत संपला असता. मला विचाराल तर मी लंपनच्या बाजूचा, जरी रात्री झोप उडवतात ते जी.ए.च.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे, आणि सीमाभागातल्या आजच्या लिहिणाऱ्यांना तीच जास्त कामाची. बेळगावच्या हाकेवर, कोवाडला राहून रणजित देसाईंनी ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी लिहिली. माधवराव पेशव्यांचं आयुष्य इतिहासानेच देऊन ठेवलेलं. पानिपतानंतरचं राज्य, काकांची कुरबुर, क्षय, सती. कथानकात शोधण्यासारखं काहीच नाही, म्हणून सगळी ताकद माधवराव आणि रमाबाई या दोन माणसांवर लागली. यल्लम्माच्या गाण्यात जे होतं तेच.

सीमाप्रश्नही असाच तयार मिळालेला इतिहास आहे. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ ला पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिलं. १९६७ ला या सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. मोर्चा, लाठीमार, फलक, तारीख पे तारीख. लिहायला बसलेल्या पोराला हे सगळं पायरीशी येऊन मिळतं, आणि तो माणूस न शोधताच गोष्ट सुरू करतो. मग नायक घोषणा देतो, म्हातारी हुतात्म्याच्या फोटोला हार घालते आणि पोलीस काठी उगारतो. या तिघांपैकी एकाचंही आडनाव आपल्याला कळत नाही.

तो पोलीस कदाचित हुक्केरीचा असेल. बायको निपाणीची, घरात मराठी, पोरं कन्नड माध्यमात. रात्री ड्युटीवरून परतल्यावर सासूशी तो कोणत्या भाषेत बोलतो, एवढं जरी लिहिणाऱ्याने आधी ठरवलं, तरी दुसऱ्या दिवशीच्या मोर्चात त्याची काठी कशी पडेल, किंवा पडणारच नाही, हे वेगळं ठरवावं लागेल.