खाडीकाठचा चित्रपट महोत्सव

किनाऱ्यालगतच्या वस्तीत, धक्क्याजवळच्या किंवा देवळापुढच्या मोकळ्या जागेत दोन-तीन संध्याकाळी सामाजिक आशयाचे माहितीपट, लघुपट आणि एखादा कथापट दाखवून त्यांवर चर्चा घडवणारा छोटा महोत्सव. स्पर्धा आणि सन्मानचिन्हांना यात फारशी जागा नसते. मुंबई परिसरात अशा स्वतंत्र प्रदर्शनांना २००४ मध्ये बळ मिळाले. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने त्या वर्षीच्या महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली; विरोधानंतर ती मागे घेतली, पण अनेक टीकात्मक माहितीपट निवडीत वगळले गेले, तेव्हा माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भुपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला.

ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा किंवा नवी मुंबईतील दिवाळे, सारसोळे अशा ठिकाणी महोत्सवाची तारीख पाहुण्यांच्या सोयीपेक्षा तिथीवरून ठरवणे शहाणपणाचे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. ही भांगाची भरती असल्याने पाणी फार चढत नाही आणि खेळ चालू असताना ओसरत जाते. अमावास्येला अंधार चांगला मिळतो, पण उधाणाचे, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीचे, पाणी मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे नेमके सामान आवरताना, धक्क्याला लागते. म्हणून वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस सर्वांत सोयीचे: चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. शिवाय भांगात पाण्याला ओढ कमी असल्याने डोल जाळ्यांची (प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांची) मासेमारी मंदावते आणि पुरुष मंडळी घरी सापडतात. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात सगळे मोकळे असतात खरे, पण तेव्हा पाऊस पडद्याला टिकू देत नाही.

जानेवारीत सूर्य साधारण सव्वासहा ते साडेसहाला मावळतो. त्यानंतर पाऊण तास थांबून सुरुवात करावी. पडद्याचे तोंड पूर्वेकडे असावे, नाहीतर मावळतीचा उरलेला उजेड थेट कापडावर पडून चित्र फिके दिसते. साडेतीन हजार ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचे माप) प्रोजेक्टरला बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच पडदा पुरे. रस्त्याचा दिवा जवळ असेल तर तो बंद करून घेणे हे मोठा प्रोजेक्टर आणण्यापेक्षा स्वस्त पडते. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान पाच फुटांवर हवी. प्रेक्षक चटईवर बसतात, मागे खुर्च्या असतात, आणि पडदा खाली असला की उपशीर्षके डोक्यांआड जातात. ही चूक सर्वांत जास्त होते. खाडीचा वारा पडद्याला शिडासारखा फुगवतो. त्यासाठी चारही कडांना कड्या लावून दोऱ्या सैल-घट्ट करता येतील अशा बांधाव्यात, आणि दोन्ही बांबूंना पुढे-मागे ताण द्यावा. जनरेटर वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या बाजूला, शंभर फूट लांब ठेवावा. प्रोजेक्टरच्या झोताकडे चिलटे येतात. बाजूला दूरवर एक पांढरा दिवा लावला की बरीचशी तिकडे वळतात.

ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो, म्हणून चर्चेसह कार्यक्रम पावणेदहाला संपेल असा बेत आखतात. कांदळवनापासून पन्नास मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे; तिथे मांडवाचे खांबही रोवू नयेत. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ च्या कलम ९ खाली केंद्र सरकारकडून सूट घेता येते, पण ती सवलत नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती, म्हणजे आधी नाव नोंदवलेल्या प्रेक्षकांपुरती, असते. धक्क्यावर कोण आला, कोण गेला याची नोंद ठेवणे अशक्य. तेव्हा उघड्या मैदानात प्रमाणित चित्रपट आणि नोंदणी करून सभागृहात बाकीचे, ही विभागणी व्यवहार्य ठरते. दिग्दर्शकाची लेखी संमती दोन्हीकडे हवीच.

निवडीत प्रेक्षकांच्या जगण्याशी नाते पाहतात: घटती मासळी, सांडपाणी, भराव, विस्थापन. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी झालेले भूसंपादन आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात गोळीबारात मारले गेलेले पाच शेतकरी, ही स्मृती नवी मुंबईच्या गावांत ताजी आहे. जमिनीवरचा चित्रपट लावला की चर्चा चित्रपटापेक्षा लांबते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. या विषयावर केवळ पक्ष्यांचे देखणे चित्रण दाखवले तर ‘आमच्या जाळ्यांचं काय?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. परभाषेतील चित्रपटाला उपशीर्षके पुरत नाहीत, कारण अनेक वृद्ध स्त्रियांना ती वाचता येत नाहीत. अशा वेळी गावातलाच एखादा माणूस माइकवर मोजक्या वाक्यांत आगरी-कोळी बोलीत प्रसंग सांगत जातो. त्याला चित्रपट आधी दोनदा दाखवून ठेवावा, नाहीतर तो पुढचे आधीच सांगून मोकळा होतो.