एसटी0 की एनएसटी0: टेप बॅकअपमधला एका अक्षराचा घोळ

लिनक्सला टेप ड्राइव्ह जोडला की /डेव्हमध्ये (उपकरणांच्या फाइल्सची डिरेक्टरी) त्याची दोन मुख्य नावं दिसतात, एसटी0 आणि एनएसटी0. ड्राइव्ह एकच, ड्रायव्हरही एकच. फरक पडतो तो काम संपून डिव्हाइस बंद होताना. एसटी0 असेल तर टेप रिवाइंड होते, एनएसटी0 असेल तर जिथे आहे तिथेच थांबते.

सोमवारी टारने (फाइल्स एकत्र बांधून टेपवर लिहिणारी आज्ञा) एसटी0वर पूर्ण बॅकअप घेतला आणि मंगळवारी तिथेच फक्त बदललेल्या फाइल्सचा, तर मंगळवारचा सोमवारच्या डोक्यावर बसतो. एरर नाही, क्रॉनचा (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेलही स्वच्छ. एलटीओ (टेपचा एक प्रचलित प्रकार) ड्राइव्ह लिहिणं संपलं तिथे डेटा संपल्याची खूण करतो आणि तिच्यापलीकडे वाचूच देत नाही. म्हणजे सोमवारचा उरलेला डेटा टेपवर असूनही गेलाच.

एकाच टेपवर बॅकअपमागून बॅकअप हवे असतील तर एनएसटी0च वापरायचा. आधी टेप हलवणाऱ्या एमटी आज्ञेने 'एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी0 ईओडी' देऊन डेटाच्या शेवटी जायचं, मग टार चालवायचा. प्रत्येक बॅकअपनंतर ड्रायव्हर स्वतःच फाइलमार्क, म्हणजे बॅकअप संपल्याची खूण, लिहितो. रिस्टोअरच्या वेळी तिसरा बॅकअप हवा असेल तर एमटीला 'एएसएफ 2' द्यायचं, कारण मोजणी 0पासून.

हीच आज्ञा चुकून एसटी0ला दिली की गंमत होते: ड्राइव्ह इमानेइतबारे तिसऱ्या बॅकअपपर्यंत जातो आणि एमटी संपताच परत सुरुवातीला येतो. पुढचा टार पहिलाच बॅकअप उघडतो. शंका आली की एनएसटी0वर 'एमटी स्टेटस' देऊन फाइल नंबर बघा.

एनएसटी0चीही एक खोड आहे. टारने एक बॅकअप वाचून झाला की टेप बहुधा फाइलमार्कच्या अलीकडेच थांबते. लगेच पुन्हा टार चालवला तर हाती काहीच लागत नाही. मध्ये एमटीचा 'एफएसएफ 1' देऊन एक फाइलमार्क ओलांडावा लागतो.

एक टेप, एक बॅकअप असा हिशेब असेल तर एसटी0 चालतो. पण टेप बाहेर काढायला एमटीचं 'ऑफलाइन' दिलं की रिवाइंड आपोआप होतंच, मग एसटी0 हवा कशाला? बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगमध्ये तर एनएसटी0च लागतो. एमटी आणि टार दोन्ही 'टेप' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचतात, त्यातही तोच ठेवावा. दोन ड्राइव्ह असतील तर रीबूटनंतर 0 आणि 1 यांची अदलाबदल होऊ शकते. तेव्हा /डेव्ह/टेप/बाय-आयडीमधलं, शेवटी '-एनएसटी' असलेलं नाव घ्यावं.