एएम रेडिओची उसनी एफएम

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावातून जाताना गाडीतला रेडिओ लावला, की निवेदक दर पाच मिनिटांनी ‘९७.९ एफएम’ असं ठासून सांगत असतो. तासाच्या ठोक्याला मात्र त्याचा आवाज खाली येतो आणि स्टेशनचं कायदेशीर नाव तो घाईघाईत उरकून टाकतो. नीट कान दिला तर कळतं, की नाव एका एएम स्टेशनचं आहे. एएम म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षं मिडियम वेव्ह म्हणत आलो तीच. जाहिरात एफएमची आणि परवाना एएमचा, हा प्रकार तिथे आता इतका रुळलाय की श्रोत्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. ही उसनी एफएम येते ‘ट्रान्सलेटर’ नावाच्या छोट्या प्रक्षेपकातून.

मूळ दुखणं आकाशातलं आहे. दिवसा वातावरणातला एक आयनीभूत थर मिडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर जाऊन पडतात. रात्री काटा फिरवला की कुठली कुठली स्टेशनं लागायची ती यामुळेच. ऐकणाऱ्याला मौज, पण त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या दुसऱ्या स्टेशनला ताप. म्हणून अमेरिकेत अनेक एएम स्टेशनांना रात्री पॉवर उतरवावी लागते आणि ‘डेटाइमर’ म्हणवल्या जाणाऱ्यांना तर सूर्यास्ताला जवळजवळ दुकानच बंद करावं लागतं. हिवाळ्यात उत्तरेकडे पाचच्या आतच अंधारतं. लोक ऑफिसातून निघून गाडीत बसतात त्याच वेळी स्टेशन मुकं होतं. गावातल्या शाळेचा बास्केटबॉलचा सामना संध्याकाळी असतो, त्याचं धावतं वर्णन कोण ऐकवणार?

एडविन आर्मस्ट्राँगला एफएमचं पेटंट १९३३ मध्ये मिळालं, पण श्रोत्यांच्या संख्येत एफएमने एएमला मागे टाकायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. संगीत तिकडे गेलं. एएमकडे गप्पा, बातम्या, प्रवचनं, शेतमालाचे भाव आणि परभाषक वस्त्यांसाठीचे कार्यक्रम उरले. एएमवर स्टिरिओ आणायचा प्रयत्न झाला, तो सरकारी धरसोडीत वाया गेला. एफसीसी या नियामक आयोगाने १९८० मध्ये एक पद्धत निवडली, १९८२ मध्ये निवड मागे घेऊन ‘बाजार ठरवेल’ म्हटलं आणि १९९३ मध्ये पुन्हा एक मानक ठरवलं. तोवर कोणाला त्यात रस उरला नव्हता. पुढे घराघरांत एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आले, तशी खरखर आणखी वाढली.

ट्रान्सलेटर हा प्रकार यातल्या कशासाठीच जन्मला नव्हता. नावावरून वाटतं तसा त्याचा भाषांतराशी संबंध नाही. एका फ्रिक्वेन्सीवर आलेला कार्यक्रम उचलून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सोडायचा, म्हणजे आकाशवाणीच्या भाषेत सहक्षेपण. १९७० मध्ये एफसीसीने ही सोय केली ती डोंगराआड अडलेल्या एफएमसाठी. ताकद जास्तीत जास्त २५० वॉट. दर्जा दुय्यम, म्हणजे मोठ्या स्टेशनला त्रास झाला तर यानं गप्प बसायचं. याचं नावही धड नाव नसतं : डब्ल्यू किंवा के हे अक्षर, मग चॅनेलचा क्रमांक, मग दोन अक्षरं. क्रमांक २५० असेल तर तो ९७.९ मेगाहर्ट्झ.

२००३ मध्ये नव्या ट्रान्सलेटरसाठी अर्ज मागवले, तर तेरा हजारांहून अधिक आले. त्यातले हजारो मोजक्या अर्जदारांचे होते. परवाना हातात पडला की तो विकायचा, असा व्यापारच सुरू झाला. कमी ताकदीच्या सामुदायिक एफएमवाल्यांनी आरडाओरडा केला, कारण तीच जागा त्यांनाही हवी होती. पण एएमवाल्यांची नजर या ढिगाकडे गेली. प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये मागणी केली आणि जून २००९ मध्ये एफसीसीने एएमला एफएम ट्रान्सलेटर वापरायची मुभा दिली. तेव्हाची अट अशी, की ट्रान्सलेटरचा टापू, म्हणजे जिथवर तो ऐकू येतो तो भाग, एएमच्या दिवसाच्या टापूत आणि २५ मैलांच्या वर्तुळात बसला पाहिजे. डेटाइमरना खास सवलत मिळाली : एएम रात्री बंद असलं तरी ट्रान्सलेटर चालू ठेवता येईल. माझ्या मते या आदेशातली सर्वांत माणुसकीची ओळ हीच.

गंमत पुढे आहे. ट्रान्सलेटर असायचा भलत्या गावी आणि नियम असा, की हलवताना नव्या टापूने जुन्याला शिवलं पाहिजे. मग मालक तो टप्प्याटप्प्याने सरकवत आणायचे. एका जागी उभारायचा, परवाना घ्यायचा, की पुढच्या टेकडीचा अर्ज. २०११ मध्ये इलिनॉयमधल्या मॅटूनच्या प्रकरणात आयोगाने ही कसरत एका उडीत करू दिली.

डिजिटलची वाट वेगळ्याच बाजूने आली. २००२ मध्ये मंजूर झालेली एचडी रेडिओ ही डिजिटल पद्धत एएम आणि एफएम दोन्हींसाठी होती. एएमवर तिने शेजारच्या स्टेशनांवर सूं-सूं ओतली, रात्री तर फारच, आणि अनेकांनी ती बंद केली. एफएमवर मात्र एकाच स्टेशनच्या पोटात एचडी-२, एचडी-३ अशा जादा वाहिन्या बसू लागल्या. त्या ऐकायला वेगळा रेडिओ लागतो, म्हणून श्रोते थोडे. पण नियमाप्रमाणे ती एफएमचीच वाहिनी, तेव्हा ट्रान्सलेटर तिचं सहक्षेपण करू शकतो. एकाच मालकाचं एएम आणि एफएम असेल तर एएमचा कार्यक्रम एफएमच्या एचडी-२ वर टाकायचा आणि तिथून ट्रान्सलेटरवर. आता एएमभोवतीची २५ मैलांची अट लागत नाही, मोठ्या एफएमचा सगळा टापू मोकळा. यातल्या कित्येक एचडी-२ वाहिन्या मुख्यतः ट्रान्सलेटरसाठीच जिवंत आहेत.

एएमच्या पुनरुज्जीवनाचा प्रस्ताव २०१३ मध्ये रीतसर मांडला गेला. त्याचा सर्वांत मोठा पाठीराखा होता एफसीसीचा तेव्हाचा आयुक्त अजित पै, कॅन्ससमधल्या पार्सन्स या छोट्या गावात वाढलेला, भारतीय डॉक्टर दांपत्याचा मुलगा. ऑक्टोबर २०१५ च्या आदेशाने एएमवाल्याला २५० मैलांवरून ट्रान्सलेटर आणायची परवानगी मिळाली. २०१६ मध्ये असे हजाराहून अधिक ट्रान्सलेटर हलले. पुढच्या दोन वर्षांत नवे परवानेही वाटले. २०२० मध्ये पूर्ण डिजिटल एएमलाही मान्यता मिळाली. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकचं ८२० किलोहर्ट्झचं स्टेशन २०१८ पासून तो प्रयोग करत होतं. तेही सोबत एफएम ट्रान्सलेटर ठेवून.

मालकांसमोर आता वेगळाच हिशेब आहे. एएमचा मनोरा हाच अँटेना. एक हजार किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे ७५ मीटर उंची, आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीत चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या साधारण १२० तांब्याच्या तारा. इतकी जागा शहराच्या कडेला आली की तिची किंमत स्टेशनपेक्षा जास्त होते. पण एएम बंद केलं तर त्याच्या नावावर चालणारा ट्रान्सलेटरही बंद करावा लागतो. एचडी-२ च्या वाटेने गेलेल्याला ही अडचण नाही. काहींनी एएमचा परवाना परत करून कार्यक्रम तसाच त्याच एफएमवर चालू ठेवला, आणि ९७.९ ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसावा.