आधी कोणी ऐकायचे?

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनमध्ये कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील गावांमधून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या या कुटुंबांनी वर्णभेदाची राजवट प्रत्यक्ष सोसली. कोणत्या वंशाच्या माणसाने कोठे राहायचे हे १९५०च्या एका कायद्याने सरकार ठरवू लागले. त्याच कायद्याखाली १९६६ मध्ये शहरातील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा संमिश्र वस्तीचा भाग गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला आणि पुढील काळात सुमारे ६०,००० रहिवाशांना तेथून हलवण्यात आले.

ही राजवट १९९४ मध्ये संपली. त्यानंतर वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करण्यासाठी आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग नेमला गेला आणि एप्रिल १९९६ मध्ये त्याच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. आयोगाकडे पीडितांची २१,००० हून अधिक निवेदने आली, जाहीरपणे बोलण्याची संधी मात्र त्यांतील सुमारे दोन हजारांनाच मिळाली. साक्षीदार आपल्या भाषेत बोलत आणि दुभाषे ‘मी’ म्हणूनच त्यांचे कथन पुढे सांगत. त्यामुळे एकाच दिवशी अनेकांचे दुःख स्वतःच्या तोंडून उच्चारण्याचा मानसिक ताण दुभाष्यांनाही सोसावा लागला.

पण कोणी ऐकून घेतल्याने मने खरोखर बदलतात का? एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याची पद्धतशीर तपासणी केली. ॲरिझोनातील मेक्सिकन स्थलांतरित व गोरे अमेरिकन, तसेच पॅलेस्टिनी व इस्रायली, अशा जोड्या त्यांनी जुळवल्या. जोडीतील एकाने आपल्या समाजातील जगण्याच्या अडचणी लिहायच्या आणि दुसऱ्याने त्यांचा आशय नेमकेपणाने स्वतःच्या शब्दांत मांडायचा, एवढेच काम होते. मेक्सिकन आणि पॅलेस्टिनी सहभागींची समोरच्या गटाविषयीची भावना स्वतःचे म्हणणे सांगितल्यावर अधिक सुधारली, तर गोऱ्यांची आणि इस्रायलींची ती दुसऱ्याचे ऐकल्यावर अधिक सुधारली. ज्या पॅलेस्टिनींनी त्याच विषयावर लिहिले, पण ज्यांचा कोणा इस्रायलीशी संवाद झाला नाही, त्यांच्या मतात फरक पडला नाही. मला या प्रयोगातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मन मोकळे केल्याने बरे वाटते ही आपली सर्वसाधारण समजूत येथे अपुरी ठरते. समोरच्याने आपले म्हणणे ऐकून घेतले आहे, याची खूण मिळावी लागते.

‘दोन्ही बाजूंनी एकमेकांना समजून घ्यावे’ हा नेहमीचा सल्लाही यामुळे तपासून पाहावा लागतो. ज्याला आजवर दुसऱ्याचेच ऐकत राहावे लागले, त्याला पुन्हा ऐकायला बसवण्यात फारसा लाभ नाही. कोकणात देवळात गावकीची बैठक भरते तेव्हा मानकऱ्यांचे बोलणे आधी होते आणि टोकाच्या वाडीतील माणसाला बहुधा शेवटी विचारले जाते, तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. जात आणि वंश या निराळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करूनही सत्तेची ही उतरंड दोन्हीकडे ओळखू येते. महाडच्या चवदार तळ्यावर मार्च १९२७ मध्ये पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला, आणि त्या पाण्यावरील त्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडले.

ऐकण्याच्या कार्यक्रमांची किंमतही मोजावी लागते. सिएरा लिओनमधील यादवी युद्ध वांशिक नव्हते, तरी तेथील २०० गावांत झालेल्या अभ्यासाचे २०१६ मधील निष्कर्ष येथे लागू पडतात. गावकऱ्यांसमोर पीडितांनी अत्याचार सांगितले आणि गुन्हेगारांनी कबुली दिली, त्या गावांत क्षमाभाव वाढला, लोकांचे परस्परसंबंध विस्तारले आणि सार्वजनिक कामांना हातभार लागला. मात्र नैराश्य, चिंता व आघातोत्तर ताणही वाढला. हे दोन्ही परिणाम सुमारे अडीच वर्षांनंतरही टिकून होते. म्हणजे गावाला लाभ झाला आणि जखम पुन्हा उघडी करण्याचा त्रास व्यक्तीच्या वाट्याला आला. अशा बैठकांनंतर मानसिक उपचारांची सोय नसेल, तर त्या भरवणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेत भरपाईचा प्रश्नही असाच लोंबकळला. पीडितांना सहा वर्षे दरवर्षी अनुदान द्यावे, अशी आयोगाची शिफारस होती. सरकारने २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकरकमी देण्याचे ठरवले आणि आयोगापुढे मनातले सर्व सांगितलेल्या अनेकांनी ही रक्कम अपुरी असल्याचे बोलून दाखवले.